सावलीतला चुनखडक

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहराच्या दक्षिणेला क्लार्क रिझर्व्हेशन नावाचं एक छोटं उद्यान आहे. तिथला कडा सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी थराथरानं साचला. प्रवाळ आणि शिंपले दबून दबून त्यांचा चुनखडक झाला. हिमयुग सरताना वितळलेल्या बर्फाचा प्रचंड लोंढा या कड्यावरून कोसळला आणि त्यानं पायथ्याशी खोल डोह कोरला. लोंढा केव्हाच थांबला. मागे राहिली एक थंड, दमट, गर्द सावलीची घळ. मेलेल्या समुद्राच्या या दगडावर आज नेच्यांचं राज्य आहे.

चुनखडक दगडांमध्ये खरोखर वेगळा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि हा खडक हळूहळू विरघळवतं. म्हणून त्याला भेगा, कपारी, कोनाडे फार. कुजणाऱ्या पाचोळ्यात जे आम्ल तयार होतं, ते हा दगड मारून टाकतो. त्यामुळे कपारीतल्या चिमूटभर मातीत कॅल्शियम भरपूर, पण लोह आणि स्फुरद मात्र मुळांच्या हाती सहज लागत नाहीत. बऱ्याच वनस्पती इथे पिवळ्या पडतात. ज्यांना हे जमलं, त्यांना जागा मोकळी मिळाली.

त्यात सावलीची भर पडली की चमत्कार घडतो. एकाच शिळेची उन्हाकडची बाजू दुपारी तापून कोरडी होते. उत्तरेकडच्या बाजूला मात्र त्याच वेळी हात लावला तर गारवा आणि ओल लागते. दोन हातांच्या अंतरावर दोन हवामानं! सावलीच्या बाजूला पहिल्यांदा शेवाळ येतं. त्याला मुळं नसतात, त्यामुळे माती नसली तरी अडत नाही. ते पाणी धरून ठेवतं, वाऱ्यावरची धूळ अडवतं आणि वर्षानुवर्षांनी बोटभर जाडीची गादी तयार करतं.

नेच्याला नेमकी हीच गादी हवी असते. नेच्याला बी नसतं. त्याचा बीजाणू रुजला की आधी येतो तो काही मिलिमीटरचा, बहुधा बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा. याच पापुद्र्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात, आणि नरपेशी मादीपेशीपर्यंत पोहत जाते. त्यासाठी पाण्याचा पातळसा थर पुरतो, पण तो हवाच. शेवाळ सुकलं तर पुढची पिढी तिथेच संपली.

वॉकिंग फर्न नावाच्या नेच्यानं यातून दुसरीही एक वाट काढली आहे. त्याचं पान लांबट, टोकाला निमुळतं होत अगदी दोऱ्याएवढं बारीक. हे टोक वाकून ओल्या शेवाळावर टेकलं की तिथे मुळं फुटतात आणि नवं रोप उभं राहतं. मग त्या रोपाचं पान पुढे झुकतं. असं करत हा नेचा पिढ्यान्‌पिढ्या शिळेवरून चालत जातो. आपल्या सह्याद्रीतले काही हंसराजही पावसाळ्यात पानाच्या टोकाला मुळं सोडतात, पण त्यांना चुनखडक लागत नाही.

या घळीचं खरं वैभव मात्र अमेरिकन हार्ट्स टंग फर्न. जिभेसारखी अखंड, चकचकीत पानं, हिवाळ्यातही हिरवी. 1807मध्ये फ्रेडरिक पर्श या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो याच भागात सापडला. त्याचा युरोपीय भाऊबंद ब्रिटनमध्ये जुन्या भिंतींवर आणि विहिरींच्या कठड्यांतही सुखानं वाढतो. अमेरिकन नेच्याच्या पेशीत गुणसूत्रं त्याच्या दुप्पट, आणि स्वभाव कमालीचा चोखंदळ. त्याला मॅग्नेशियमयुक्त चुनखडकच लागतो, वर झाडांची सावली लागते, उत्तरेत हिवाळ्यात बर्फाचं पांघरूणही लागतं. सिरॅक्यूजच्या आसपास, ऑन्टारिओत, मिशिगनच्या उत्तर भागात तो आहे. आणि मग थेट हजारएक किलोमीटर दक्षिणेला, उकाड्याच्या टेनेसी आणि अलाबामात!

तिथे तो जगतो चुनखडकातल्या खोल विवरांच्या तोंडाशी. थंड हवा जड असते, ती विवरात उतरते आणि तिथेच साठून राहते. बाहेर उन्हाळा रणरणत असताना आत उत्तरेचं हवामान टिकून असतं. नकाशावर विखुरलेली ही ठिकाणं नेच्याच्या दृष्टीनं जवळपास एकाच प्रदेशातली. हे समजलं तेव्हा मला नकाशा वाचण्याची माझी सवयच अपुरी वाटू लागली.

खाणींनी या नेच्याच्या काही जागा कायमच्या गिळल्या. 1989मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं त्याला संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत घातलं. सिरॅक्यूजच्या वनशास्त्र महाविद्यालयातले संशोधक आता बीजाणूंपासून रोपं वाढवून ती पुन्हा जंगलात लावतात. रोप तयार करणं त्यांना जमतं. अवघड असतं ते योग्य दगड शोधणं: उताराचं तोंड कुठे आहे, डोक्यावरच्या फांद्या किती दाट आहेत, शेवाळ किती जाड आहे, हे सगळं पाहूनच प्रत्येक रोपाची कपार ठरते.