कळंबहून जहाजावर: एम्प्रेस की गेंटिंग ड्रीम?

कळंब ते समुद्र हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी तीनशे किलोमीटरांहून जास्त भरते. मांजरा नदी गावाला लागून वाहते खरी, पण तिचे पाणी गोदावरीतून पार बंगालच्या उपसागराला जाते. मुंबईच्या समुद्राशी आपले तेवढेही नाते नाही. तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या या तालुक्यात अलीकडे दिवाळीच्या सुमारास एक नवाच प्रश्न कानावर येतो: जहाजाने जायचे, पण कोणत्या? उसाचे बिल जमा झाले, सोयाबीनची पट्टी हाती आली, पुण्यातल्या मुलाने जोर लावला, की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन जाहिराती फिरू लागतात. एक मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेसची, दुसरी सिंगापूरहून सुटणाऱ्या गेंटिंग ड्रीमची. फोटो दोन्हींत सारखेच: निळे पाणी, पांढरे जहाज, हात पसरून उभे असलेले जोडपे. त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

आधी जहाजांची कुंडली पाहू. एम्प्रेस फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत बांधली गेली आणि १९९० मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीकडे नॉर्डिक एम्प्रेस या नावाने दाखल झाली. पुढे काही वर्षे ती स्पेनच्या पुलमंतूर कंपनीकडे होती, मग मूळ मालकाकडे परतली आणि २०२० च्या अखेरीस विकली जाऊन भारतात आली. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून तिच्या सफरी सुरू झाल्या. पुढच्याच महिन्यात अमली पदार्थांच्या त्या गाजलेल्या छाप्यामुळे तिचे नाव आपल्याकडच्या पानटपरीपर्यंत पोचले. अशी जाहिरात कोणालाही नको असते. गेंटिंग ड्रीम वयाने बरीच लहान. जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या मायर गोदीतून ती २०१६ मध्ये बाहेर पडली. तिची मूळ मालक कंपनी गेंटिंग हाँगकाँग २०२२ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षीच्या जूनपासून रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या कंपनीने हे जहाज सिंगापूरहून चालवायला घेतले.

एम्प्रेसची लांबी २११ मीटर, टनेज सुमारे ४८,५००. गेंटिंग ड्रीम ३३५ मीटर लांब, टनेज दीड लाखाच्या वर. हे टनेज म्हणजे जहाजाचे वजन नव्हे. जहाजाच्या आत बंदिस्त जागा किती आहे, याचा तो आकडा. म्हणून त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी जागेचा अंदाज येतो. एका खोलीत दोघे धरले तर एम्प्रेसवर सुमारे १,६०० प्रवासी मावतात. भागाकार तीसच्या आसपास. गेंटिंग ड्रीमवर ३,३५२; भागाकार पंचेचाळीस. म्हणजे मोठ्या जहाजावर माणसे दुप्पट, आणि तरीही प्रत्येकाच्या वाट्याला जागा दीडपट. दिवाळी-नाताळच्या सुट्टीत खोलीतले वरचे पलंगही उघडतात, एका खोलीत चौघे राहतात, आणि दोन्ही जहाजांवर हा भागाकार घसरतो. बुफेच्या रांगेत त्याचा अनुभव येतो. एजंट हा हिशेब कधी करून दाखवत नाही. आपणच करावा, दोन मिनिटांचे काम आहे.

मोठे जहाज म्हणजे चांगले जहाज, असे मात्र मी म्हणणार नाही. ३३५ मीटरच्या जहाजात खोली एका टोकाला आणि जेवणाची जागा दुसऱ्या टोकाला असली, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाची दिवसातून सहा वेळा परेड होते. लिफ्ट असतात, पण जहाजाच्या लांबीला लिफ्टचा उपयोग नाही. उलट दहा-बारा वर्षांच्या नातवंडांना एम्प्रेस दुसऱ्या दिवशी संपून जाते. पोहण्याचा तलाव, चढायची भिंत, संध्याकाळचा नाचगाण्याचा कार्यक्रम. मग मुले विचारतात, आता काय? गेंटिंग ड्रीमवर पाण्याच्या सहा घसरगुंड्या आहेत, दोरांवरची कसरत आहे, बोलिंग आहे. त्या जहाजावर मुलांना शोधायला घरच्यांनाच फिरावे लागते.

दोन बोटींमधून निवड करणे मराठी माणसाला तसे नवे नाही. कोकणच्या किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी चालत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्याशी स्पर्धा करायला स्वदेशी कंपनी उभी राहिली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तुकाराम, रामदास ही तिच्या बोटींची नावे. बोटीला संताचे नाव दिले की गिऱ्हाईक आपले होते, हे त्या मंडळींना बरोबर कळले होते. यातली रामदास १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरची घरे ती तारीख अजून विसरलेली नाहीत.

अलीकडचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर आंग्रिया सुरू झाली. जपानमध्ये प्रवासी बोट म्हणून चाललेले ते जहाज, १३१ मीटर लांब, नाव मराठा आरमाराच्या कान्होजी आंग्र्यांवरून. संध्याकाळी मुंबई, सकाळी गोवा, इतका साधा बेत. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसची कर्णिका मुंबईत आली. कोरोनाने दोन्हींची चाके थांबवली. जलेश कंपनी २०२० मध्ये बंद पडली आणि कर्णिका त्याच वर्षी अलंगला भंगारात गेली. इटलीच्या कोस्टा कंपनीने नोव्हेंबर २०२३ पासून सेरेना हे अजस्र जहाज मुंबई-गोवा-कोची असे चालवून पाहिले. तेही हंगामी पाहुणे. म्हणून जहाज कितीही देखणे असो, वर्षभर आधी सगळी रक्कम भरून मोकळे होऊ नये. पैसे किती टप्प्यांत द्यायचे, सफर रद्द झाली तर रोख परत मिळतील की पुढच्या सफरीचे कुपन हाती पडेल, हे लेखी घ्यावे. कॉर्डेलियाने २०२५ मध्ये नॉर्वेजियन कंपनीची स्काय आणि सन ही आणखी दोन जहाजे भाड्याने घेण्याचा करार जाहीर केला. ती दोन्ही एम्प्रेसपेक्षा मोठी आणि तरुण आहेत. मुंबईहून जाणाऱ्याने बुकिंग करताना सफरीच्या तारखेला नेमके कोणते जहाज आहे, हे विचारूनच घ्यावे.

आता मार्ग. एम्प्रेस मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्या काळात ती पूर्व किनाऱ्यावर गेली आहे आणि चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या केल्या आहेत. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागते. जिन्यावरून उतरले की जमीन. लक्षद्वीपला तसे नाही. तिथे इतके मोठे जहाज लागेल असा धक्काच नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकते आणि माणसांना छोट्या होड्यांतून बेटावर नेतात. जहाज वरखाली, होडी वरखाली, आणि मधल्या क्षणी पाऊल टाकायचे. तरुणांना मजा येते. सत्तरीतल्या आजींना दोन्ही बाजूंनी धरूनसुद्धा भीती वाटते. शिवाय वारा वाढला तर कप्तान उतरणेच रद्द करतो, आणि तो अधिकार त्याचाच. लक्षद्वीपचे पाणी पाहावे असे आहेच. पण घरातली कोण माणसे त्या होडीत चढू शकतील, हे आधी मोजावे.

गेंटिंग ड्रीमच्या सफरी बहुधा दोन-तीन रात्रींच्या, मलेशियात पोर्ट क्लांग किंवा पेनांग, कधी थायलंडमध्ये फुकेत. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीने अडवलेली असल्यामुळे तिथे लाटा फार उठत नाहीत, आणि सिंगापूर विषुववृत्ताच्या इतके जवळ आहे की चक्रीवादळे तिथे जवळपास तयारच होत नाहीत. मोटारीत घाट लागला की ज्यांना मळमळते, त्यांच्यासाठी हा मुद्दा छोटा नाही. मुंबईहून जायचे असेल तर अशांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत, आणि खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर मागावी. तिथे हेलकावा सर्वांत कमी. वरच्या मजल्यावरची टोकाची खोली महाग असते आणि हलतेही जास्त.

खोलीवरून घरात भांडण होणारच, म्हणून तेही सांगून टाकतो. आतली खोली म्हणजे खिडकीच नसलेली. झोपायला उत्तम, कारण दिवस की रात्र कळत नाही. पण ज्याला बंद जागेत गुदमरते त्याला ती शिक्षा. मग खिडकीची खोली, मग बाल्कनीची. एम्प्रेस ज्या काळात बांधली तेव्हा बाल्कन्यांची चैन नव्हती, त्यामुळे तिच्यावर त्या कमी आणि महाग. गेंटिंग ड्रीमवर भरपूर आहेत. माझे विचाराल तर दोन रात्रींसाठी बाल्कनीचे पैसे वाया जातात, कारण माणूस खोलीत असतोच किती? चार-पाच रात्री असतील आणि बरोबर दिवसभर बसून राहणारे आबा असतील, तर मात्र बाल्कनी घ्यावी.

जेवणाची काळजी आपल्याकडे सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने केली जाते. एम्प्रेसवर भारतीय जेवण हाच मुख्य मामला आहे, जैन जेवणही मिळते. गेंटिंग ड्रीमवर भारतीय प्रवासी मोठ्या संख्येने येत असल्याने शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आहे. मांसाहारासाठी हलाल स्वयंपाकघर आहे. ज्वारीची भाकरी आणि काळ्या मसाल्याची आमटी दोन्हीकडे मिळणार नाही, हे मान्य करून निघावे. घरून शिजवलेले पदार्थ बहुतेक जहाजांवर वर नेऊ देत नाहीत. विजेची किटली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड तपासणीत काढून घेतात. समुद्रात आग ही बुडण्याइतकीच मोठी भीती आहे, म्हणून.

बुडण्याचा विषय निघाला की घरातले कोणीतरी टायटॅनिकचे नाव काढतेच. १९१२ च्या त्या अपघातानंतर, १९१४ मध्ये, समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याची सुधारलेली रूपे आजही लागू आहेत. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसे गेली, आणि नव्याने चढलेल्या काही प्रवाशांची सुरक्षा कवायत तोवर झालेलीच नव्हती. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घेतलीच पाहिजे, असा नियम आहे. आपली माणसे नेमकी त्याच वेळी बुफेकडे पळतात. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोका, आणि आपला जमण्याचा मजला अमुक, एवढे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे.

कागदपत्रे हा कळंबकरांचा खरा खडक. एम्प्रेसच्या देशांतर्गत सफरीला सरकारी ओळखपत्र पुरते. सिंगापूरला पासपोर्ट, तोही परतीनंतर सहा महिने टिकणारा, आणि व्हिसा. जहाज सिंगापूर सोडून मलेशियाला जाते आणि परत सिंगापुरात येते, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे छापील कागदावर पाहून घ्यावे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली. ती मुदतवाढीने चालू असते, म्हणून निघण्याआधी तपासावी. नावांचा घोळ तर आपल्या पाचवीला पुजलेला. आधारवर वडिलांचे नाव मध्ये, पासपोर्टवर ते आडनावाच्या मागे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. जहाजाचे आणि विमानाचे बुकिंग पासपोर्टवरच्या नावानेच, अक्षर न अक्षर जुळवून करावे.

पैशांचा हिशेब जाहिरातीतल्या आकड्यावर करू नये. त्यात बंदर-शुल्क, कर आणि रोजची टीप बहुधा धरलेली नसते. दारू, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, काही खास हॉटेले यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या कार्डावर खर्च चढत राहतो आणि शेवटच्या सकाळी बिल येते. नातवाच्या हातात ते कार्ड मोकळेपणाने देऊ नये. मोबाईल विमान-मोडवर टाकावा, नाहीतर तो उपग्रहाचे जाळे पकडतो आणि बिल जहाजाच्या भाड्याशी शर्यत लावते. मुंबईच्या सफरीसाठी कळंबहून बार्शी, तिथून रात्रीची लातूर-मुंबई गाडी, आणि सीएसएमटीपासून बॅलार्ड पिअर पायी जाता येईल एवढे जवळ. सिंगापूरसाठी विमान, व्हिसा, विमा, जहाजाच्या आधी-नंतरच्या हॉटेलच्या रात्री हे सगळे वर. शिवाय परदेशी सहलीवर टीसीएस नावाचा कर आगाऊ घेतला जातो, तो आयकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

हे सगळे मांडल्यावर माझे मत असे. जहाज आधी ठरवू नये. कोण कोण येणार आणि त्यांचे दिवसभराचे काय, हे ठरवावे. आजी-आजोबा, पासपोर्ट नसलेले काका-काकू आणि समुद्र कधीच न पाहिलेली माणसे बरोबर असतील तर एम्प्रेस, आणि तीही गोवा-कोचीसारखी धक्क्याला लागणारी सफर. वयाची चिंता नसलेल्या जोडप्याने तिच्यावरच लक्षद्वीप गाठावे. गेंटिंग ड्रीम केवळ जहाजासाठी घेणे परवडत नाही. सिंगापूर पाहायचेच असेल, मुले दहा-पंधरा वर्षांची असतील, तर त्या सहलीत तीन रात्री तिच्या घालाव्यात, आणि मग ती एम्प्रेसपेक्षा कितीतरी सरस ठरते.

एक शेवटचे. दोन्हीपैकी कोणतेही घ्या, सुटण्याच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोचा. बार्शीची गाडी उशिरा आली म्हणून जहाज थांबत नाही, आणि पुढच्या बंदरावर गाठायचे म्हटले तर तो खर्च आपलाच असतो.