झाडाला इंजेक्शन का देतात?

अमेरिकेत रस्त्याकडेला सावलीसाठी लावलेलं एल्मचं झाड भर उन्हाळ्यात एका फांदीपासून पिवळं पडू लागतं आणि बघता बघता वाळून जातं. हा 'डच एल्म' रोग. तो मूळचा हॉलंडचा नाही. १९२१च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी त्याचं कारण शोधलं, म्हणून हे नाव.

सालीखाली राहणारे छोटे भुंगेरे या रोगाची बुरशी झाडोझाडी नेतात. खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबतात आणि मुळाशी ओल असूनही झाड तहानेनं मरतं. १९३०च्या सुमारास ही बुरशी अमेरिकेत पोहोचली. तेव्हापासून तिथं कोट्यवधी एल्म गेले.

मग इंजेक्शन का? बुंध्याभोवती बारीक भोकं पाडून बुरशीनाशक थेट त्या नळ्यांत सोडतात. झाड पाणी वर ओढतं, त्यासोबत औषधही शेंड्यापर्यंत जातं. थायाबेंडाझोलचा एक डोस साधारण तीन वर्षं पुरतो.

पण हे काम लशीसारखं आहे. रोग बराच पसरला असेल किंवा शेजारच्या झाडाच्या जुळलेल्या मुळांतून आला असेल, तर इंजेक्शनही सहसा वाचवू शकत नाही. शिवाय प्रत्येक भोक म्हणजे झाडाला जखमच. म्हणून ते मोजक्या, मोलाच्या झाडांनाच देतात. आजारी झाड मात्र वेळीच तोडून हलवावं लागतं.