पायातला करंट आणि पत्रकातली आशा

शेजारच्या घरातला नातू नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. आज्जी मराठी, आई धारवाडची. त्यामुळे व्यायामाच्या वेळी त्याचा एक पाय 'एक, दोन, तीन' म्हणत उचलला जातो आणि दुसरा 'ओंदु, एरडु, मूरु' म्हणत! गेल्या महिन्यात त्याची आई एक छापील पत्रक घेऊन आमच्याकडे आली. "सर, पायाला करंट देऊन सायकल चालवायला लावतात म्हणे. पोरगं चालायला लागेल असं सांगितलंय. दागिने मोडू का?"

मी पडलो मराठी शिकवणारा. कॉलेजातल्या फिजिक्सच्या सहकाऱ्याला गाठलं आणि दोघं वाचायला बसलो.

करंट म्हटलं की आपल्याला धडकीच भरते. पण हा अगदी सौम्य, थांबूनथांबून येणारा. मुंग्या आल्यासारखा. या विकारात इजा मेंदूला झालेली असते, स्नायूला नव्हे. हुकूम पायापर्यंत नीट पोचत नाही, एवढंच. म्हणून मांडीच्या पुढच्या-मागच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंवर चिकटपट्ट्या लावतात. पेडल कुठं आलं आहे हे यंत्र ओळखतं आणि त्या घडीला ज्या स्नायूनं काम करायचं, त्यालाच करंट सोडतं. पाय मुलाच्या स्वतःच्या स्नायूनं फिरतो. मुलाला फिट येत असतील, अंगात धातूची पट्टी किंवा पेसमेकर असेल, तर मात्र हे आधी डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २१ मुलांवर झालेली एक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांत मुलांच्या हालचाली सुधारल्या, बसल्या जागेवरून उठणं सोपं झालं. पण तिथं नुसता करंट नव्हता. घरी सायकल होती आणि रोजच्या जगण्यातलं एकेक काम ठरवून त्याचा सरावही होता. मग यश कुणाचं? एकट्या यंत्राचं तर म्हणता येत नाही. पत्रकानं नेमकं हेच गाळलं होतं, आणि 'चालायला लागेल' हे पदरचं घातलं होतं. याचा मला राग आला, अजून आहे.

दागिने कपाटातच राहिले. यंत्राचं काय ते फिजिओथेरपिस्टना विचारून पुढं बघू, असं ठरलं. त्यांनी मुलालाच विचारलं, तुला काय जमायला हवं? तो आधी आईकडे बघून कन्नडात बोलला, मग आज्जीसाठी मराठीत, "शाळेच्या रिक्षात मी एकटा चढणार. कुणी उचलायचं नाही."

अंगणात आता रिक्षाच्या पायरीएवढा लाकडी पाट ठेवला आहे.