भोकांपासून टेपपर्यंत

गाडीच्या दारावरची पट्टी ही तशी किरकोळ वस्तू. पण त्र्यंबकेश्वरच्या पावसात तीच पट्टी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कशी बदलत गेली, हे पाहण्यासारखं आहे.

१९९१ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या सुमारास नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी असायच्या. पद्मिनीची चकचकीत पट्टी पत्र्याला पाडलेल्या भोकांतल्या क्लिपांवर बसे. क्लिप तुटली की मिस्त्री सरळ स्क्रू पिळायचा. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचा पाऊस त्याच भोकातून आत उतरे आणि काही पावसाळ्यांत पट्टीखालचा पत्रा गंजून जाळीदार होई. मग पट्टी राहायची बाजूलाच, दारालाच वेल्डिंग आणि लांबी लागे.

अ‍ॅक्रिलिक फोमचा पक्का डबल टेप अमेरिकेत १९८० साली आला. आपल्याकडे, सातपूरच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ निघू लागली त्या २००२ नंतरच्या काळात मोनोग्राम, बिडिंग, व्हायझर या टेपवर सर्रास दिसू लागले. पत्र्याला भोक नाही, म्हणजे गंजाला वाट नाही. उन्हात प्लास्टिक पत्र्यापेक्षा जास्त पसरतं. मधला फोम तो ताण पोटात घेतो. माझ्या मते या भागातल्या गाड्यांचं आयुष्य वाढवणाऱ्या गोष्टींत या टेपचं नाव घ्यायलाच हवं.

तरी 'टेप टिकत नाही' ही तक्रार इथे कायम ऐकू येते. २०१५ च्या सिंहस्थाचं पहिलं शाही स्नान २९ ऑगस्टला होतं, भर पावसाळ्यात. तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीलाही तोच पाऊस, तीच गर्दी. गर्दीत घासून पट्टी सुटते, आणि ओल्या पत्र्यावर, जुन्याच टेपवर नवा टेप चढवून गाडी निघते. दोष टेपचा नाही, घाईचा आहे.

मन लावून काम करणारा कारागीर आधी मास्किंग टेपने पट्टीची रेघ आखून ठेवतो. हीट गनने कड कोमट करतो, नायलॉनचा दोरा करवतीसारखा मागेपुढे ओढत फोम कापतो. रंगाला पात्याची कड लागू देत नाही. उरलेला चिकटा रबरी चाकाने निघतो. मग स्पिरिटने पुसायचं, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. प्लास्टिक पट्टीला प्रायमर. बसवल्यावर टोकापासून टोकापर्यंत अंगठ्याने दाबत जायचं, कारण हा टेप दाबानेच धरतो. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तोवर गाडी धुवायची नाही. निवृत्तिनाथांच्या पौषातल्या यात्रेच्या थंडीत पहाटे हे काम घेऊच नये. पत्रा गार असला की गोंद धरत नाही.

येत्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरलं आहे. तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि कडाक्याची थंडी अजून लांब असते. पट्ट्या बदलायच्या असतील त्यांनी ते दिवस धरावेत आणि गॅरेजवाल्याला तीन दिवस मोकळे द्यावेत.