भाषेचे नवे मानक आणि कंपायलरची सक्ती

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा वाहननिर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. आजच्या वाहनातील इंधनपुरवठा, ब्रेक व एअरबॅग यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक एककांकडे असते आणि त्यांच्या आज्ञावली बहुतांशी सी भाषेत लिहिल्या जातात. त्यामुळे भाषेचे नवे मानक आल्यावर कंपायलरने त्याचे पालन डीफॉल्ट स्थितीतच, म्हणजे वापरकर्त्याने काहीही न निवडता, सक्तीचे करावे काय, हा प्रश्न येथील अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

प्रश्नाचे स्वरूप

सी भाषेच्या पहिल्या मानकानुसार एखादे फंक्शन घोषित न करता वापरले, तर ते पूर्णांक परत करते असे गृहीत धरले जाई. १९९९ च्या मानकाने ही सवलत रद्द केली. परंतु जीसीसी या कंपायलरची डीफॉल्ट स्थिती २०१५ पर्यंत जुन्याच मानकावर आधारलेली होती. त्यानंतरही तो केवळ इशारा देऊन अशी आज्ञावली स्वीकारत असे. ६४-बिट संगणकावर याचा धोका स्पष्ट होतो. फंक्शन ६४ बिटांचा पत्ता परत करते, कंपायलर मात्र त्यास ३२ बिटांचा पूर्णांक समजतो. पत्त्याचा अर्धा भाग गळून पडतो आणि दोष उघड होतो तो आज्ञावली चालू असताना. अखेर २०२३ मध्ये क्लँग १६ ने व २०२४ मध्ये जीसीसी १४ ने अशी आज्ञावली डीफॉल्ट स्थितीत नाकारण्यास प्रारंभ केला.

सक्तीविरुद्धचा युक्तिवाद

सक्तीला होणारा विरोध निराधार नाही. अनेक जुनी पॅकेजे संगणकावरील सुविधा तपासण्यासाठी छोट्या चाचणी-आज्ञावली वापरतात. त्याच जुन्या पद्धतीने लिहिलेल्या असल्या, तर कंपायलर त्या नाकारतो आणि 'सुविधा उपलब्ध नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अंतिम आज्ञावली निमूटपणे तयार होते, पण अपुरी.

समतोल

या परिसराला परिचित असे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज ६ मानक बंधनकारक झाले. आधी नोंदणी झालेली वाहने मात्र आपापल्या मानकानुसार रस्त्यावर राहिली. कंपायलरबाबतही हेच तत्त्व लागू करता येते. नव्या लेखनास नवे मानक डीफॉल्ट असावे. जुन्या आज्ञावलीने आपले मानक स्पष्टपणे नोंदवावे. जीसीसी १४ मध्ये १९८९ चे मानक निवडण्याची सोय कायम आहे. सवलत मिळते, पण ती मागावी लागते.

अध्यापनाशी संबंध

अनेक महाविद्यालयांत टर्बो सी++ दीर्घकाळ वापरात राहिले. या कंपायलरमध्ये पूर्णांक १६ बिटांचा असून १९९८ च्या सी++ मानकात नसलेली जुनी शीर्षफाइल तेथे बिनतक्रार चालते. वाहनक्षेत्रातील २०१२ च्या मिस्रा सी नियमावलीत मात्र घोषणेविना फंक्शन वापरण्यास पूर्ण मनाई आहे. त्या नियमाला अपवादही करता येत नाही. प्रयोगशाळेत चालून गेलेली सवय कारखान्यात दोष ठरते, ती अशी.

निष्कर्ष

डीफॉल्ट स्थिती ज्याला पर्याय ठाऊक नाही त्याच्यासाठी असते, आणि असा वापरकर्ता म्हणजे मुख्यतः आपला विद्यार्थी होय. अनुभवी अभियंता जुने मानक निवडू शकतो. नवशिक्याला चूक दाखवण्याचे काम कंपायलरलाच करावे लागते. म्हणून डीफॉल्ट सक्ती इष्ट आहे. मात्र तिची पूर्वसूचना पुरेशी आधी दिली गेली पाहिजे आणि जुन्या आज्ञावलींसाठी स्पष्ट पर्याय खुला राहिला पाहिजे.