थंडीतला गडगडाट

पावसाळ्यात वीज कडाडली तर कुणाला नवल वाटत नाही. पण माघ महिन्यात शाळू पोटरीतून बाहेर पडून दाणे भरत असतो, द्राक्षांचे घड लटकत असतात, अन् एकाएकी आभाळ गडगडते. मग आपण म्हणतो, "हे अवकाळी आलं कुठनं?"

बहुधा ते समुद्राकडून येते. समुद्र सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. तरी वाफ तिथलीच.

जमीन लवकर तापते, लवकर निवते. समुद्राचे तसे नाही. जानेवारीतही कोकणापुढचे पाणी २६ ते २८ अंश उबदार असते. त्यावरची हवा ऊब घेते, वाफ घेते आणि हलकी होते. वरची हवा पुरेशी थंड असेल, तर ती भराभर वर चढते. उंच ढग होतात. ढगांत हिमकण आणि गारा एकमेकांवर आपटतात. त्यातून वीज तयार होते. खाली ऊब, मध्ये वाफ, वर गारठा. हे तिन्ही जमले की गडगडाटाला वेळ लागत नाही. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात विजा होतात, त्या अशाच. तिथे सायबेरियाचा गार वारा उबदार समुद्रावरून येतो.

आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो कोरडा असतो. म्हणून पाऊस नसतो. पण कधी वारा फिरतो आणि वाफ आत येते. त्याच वेळी उंचावर उत्तरेकडची थंड हवा उतरली, तर घात होतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये असेच झाले. सोलापूर जिल्ह्यासह महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली. शाळू, द्राक्षे, डाळिंबे झोडपली गेली.

हे आधी कसे कळते? समुद्रावर वेधशाळा कशी बांधणार? तिथली खबर जहाजे, पाण्यात तरंगणारी यंत्रे आणि आकाशातले उपग्रह देतात. मुंबई, नागपूर, हैदराबाद येथून यंत्र बांधलेले फुगे सोडतात. वर जाताना हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश निवते. त्याहून भराभर निवत असेल आणि खाली वाफ असेल, तर हवामान खाते इशारा देते. ढग उठले की रडार त्यांची चाल दाखवते.

वादळ कोणत्या जिल्ह्यात होईल हे एक-दोन दिवस आधी सांगता येते. कोणाच्या बांधावर होईल हे मात्र सांगता येत नाही. म्हणून इशारा आला आणि आपल्याकडे पाऊस झाला नाही, तर "खातं खोटं बोललं" म्हणू नका. पुढच्या वेळीही ऐका.

इशारा आला की कापलेला शाळू झाका. बेदाण्याच्या शेडवर ताडपत्री ओढा. जनावरे झाडाखाली बांधू नका. मोबाईलवर 'दामिनी' हे ॲप विजेची सूचना देते. तेही नसेल तर आकडे मोजा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत तीस आकडे झाले नाहीत, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम सोडा. पक्क्या घरात जा. पीक पुन्हा पेरता येते, माणूस पुन्हा येत नाही.