गाडीवरचा ओरखडा: आधी नख फिरवा, मगच हो म्हणा

घरपोच कार पॉलिशिंगचं काम सुरू करायचंय? मग मशीन घेण्याआधी हे वाचा.

दुकानाच्या पहिल्याच वर्षी एका काकांची काळी गाडी हाती घेतली. दाराच्या कडेला बारीक ओरखडा होता. "काका, चकाचक करून देतो," म्हणालो आणि मशीन एकाच जागी दाबून धरलं. क्लिअर कोट उडाला! अख्खं दार माझ्या खिशातून रंगवून द्यावं लागलं.

रंगावरचा हा पारदर्शक थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ. कडांवर तर आणखी कमी.

म्हणून आधी जागा धुऊन घ्या. पाणी लावल्यावर ओरखडा दिसेनासा होतो आणि नख अडकत नाही? मग तो वरवरचा आहे. गाडी सावलीत घ्या, मायक्रोफायबर कापडावर थोडं कंपाउंड घ्या आणि हलक्या हाताने घासा. नख अडकलं, प्रायमर दिसला, तर घासून उपयोग नाही. गाडीच्या कलर कोडचा टच-अप पेंट पातळ थरांत भरा. पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरायच्या आत भरा. खूण थोडी राहणारच.

हेच ग्राहकाला आधी सांगायचं. आज मी फोटो काढतो, काय जाईल, काय राहील ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून देतो, मगच हात लावतो. एखादं गिऱ्हाईक परत जातं. जाऊ द्या. एका दाराच्या रंगापेक्षा ते स्वस्त पडतं.